सागाला लागलेली मोहाची फुलं

कासाऱ्यांच्या घरात मोहाची फुलं वाळत पडायला लागून तीन आठवडे झाले, आणि घरातल्या तिघांनाही त्या वासाचं काही वाटेनासं झालं. जिना चढून येणाऱ्याला मात्र वाटायचं. आंबिवली स्टेशनजवळच्या त्या चार मजली इमारतीत कासारे राहायचे तिसऱ्या मजल्यावर, पण वास खालच्या मीटरच्या खोलीपासूनच सोबतीला यायचा. गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास. ज्यांनी आयुष्यात मोहाचं झाड पाहिलं नव्हतं, त्यांनाही तो वास कशाचा ते बरोबर कळत होतं.

घरचे कर्ते सीताराम कासारे रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि वस्तीतल्या विहाराच्या व्यसनमुक्ती समितीचे गेली वीस वर्षं चिटणीस. आजवर त्यांनी एकवीस जणांची बाटली सोडवली होती आणि त्या एकवीस जणांची नावं त्यांना तोंडपाठ होती. अशा माणसाच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, जुन्या वर्तमानपत्रांवर मोहाची फुलं पसरलेली होती आणि ती त्यांच्या सख्ख्या मुलानं, रत्नदीपनं पसरली होती.

रविवारी सकाळी सोसायटीचा चेअरमन धनेश म्हात्रे आला. इमारत ज्या जमिनीवर उभी होती तिथं एकेकाळी धनेशच्या आजोबांचं भाताचं शेत होतं, त्यामुळे चेअरमनपदाची निवडणूक घ्यायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. दार उघडं ठेवून, समोरच्या ब्लॉकमध्ये नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "तक्रार आलेय. सोसायटीत असला धंदा चालनार नाय, आधीच सांगतो."

रत्नदीप फुलं उलटीपालटी करत खाली बसला होता. तीन आठवड्यांत जे त्याचं दूधवाल्याला, गॅसवाल्याला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन काकूंना सांगून झालं होतं, तेच त्यानं पुन्हा सांगितलं. ही फुलं अभ्यासाची आहेत. हवामान बदलतंय त्याचा जंगलावर काय परिणाम होतो ते बघायचंय. फुलं वाळवून वजन करायचं, बस. कॉलेजात वाळवायची भट्टी आहे, पण ती दिवाळीपासून बंद आहे आणि तिच्या दुरुस्तीचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते भट्टीलाही माहीत नाही.

धनेशनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली वाकून एक फूल उचललं, तोंडात टाकलं, चावलं आणि मागे वळून दार स्वतःच लावून घेतलं.

"कवा तयार व्हनार?" त्यानं हळूच विचारलं.

"काय?"

"येड नको पांघरू. आमचा आजा भट्टी लावायचा शेताच्या बांधावर. कुनाला बोलनार नाय मी. एक बाटली फक्त मना ठेव."

स्वयंपाकघराच्या पडद्याआड सीताराम चहाचा कप हातात धरून उभे होते. बाविसावा माणूस म्हणून गेली दोन वर्षं त्यांनी ज्याच्यावर डोळा ठेवला होता, तो हाच धनेश. त्यांनी कप तिथंच ओट्यावर ठेवला आणि बाहेर न येता आतल्या आत पलंगावर जाऊन पडले.

रत्नदीपला या सगळ्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण वाईट वाटून घ्यायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं. तो एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता, आणि हे शेवटचं वर्ष त्याचं दुसऱ्यांदा चाललं होतं. गेल्या वर्षी त्याचा विषय होता शहाडजवळच्या नदीकाठचं गवत. काम निम्म्यावर आलं तेव्हा एके सकाळी तो वही घेऊन पोचला, तर गवत नव्हतंच. कुणीतरी रातोरात डंपरनं भराव टाकून जमीन सपाट केली होती. गवताशिवाय गवतावरचा प्रबंध लिहिता येत नाही, म्हणून वर्ष गेलं. यंदा तीस एप्रिलच्या आत प्रबंध दिला नाही, तर नियमाप्रमाणे नावच रद्द होणार होतं. कासाऱ्यांच्या सगळ्या खानदानात पहिला एम.एस्सी. होणार म्हणून सीतारामांनी ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं, ते वेगळंच.

यंदा मार्गदर्शक योगिनी मॅडमनी म्हणूनच असा विषय दिला होता की ज्यावर कुणी डंपर नेऊ शकणार नाही. ठाण्याच्या डोक्यावरचं येऊरचं जंगल. राखीव, संरक्षित, आत जायलाही कागद लागणारं. तिथल्या मोहाच्या बारा झाडांवर सोळा वर्षांपूर्वी मॅडमनी स्वतः पीएच.डी. केली होती. त्याच झाडांखाली रत्नदीपनं तशाच जाळ्या लावायच्या, त्यांत पडणारी फुलं तोलायची, आणि मॅडमच्या आकड्यांशी ताडून सोळा वर्षांत फुलोरा किती घटला ते सांगायचं. जाळी म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं मच्छरदाणीचं कापड. एका झाडाखाली दोन, अशा चोवीस जाळ्या त्यानं लावल्या. पंचविसावी लावली जवळच्या सागाखाली. मोहाखाली मोहाची फुलं पडतात एवढं दाखवून शास्त्राचं समाधान होत नाही. सागाखाली ती पडत नाहीत, हेही दाखवावं लागतं.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सागाखाली फुलं पडली नाहीत. मोहाखालीही पडली नाहीत. म्हणजे पडायची, पण एका जाळीत सात, एकीत अकरा, एकीत नुसताच सरडा. हिवाळ्यात नको तेव्हा पाऊस येऊन गेला होता, होळीआधीच उन्हाळा तापला होता आणि झाडं बिचारी गोंधळल्यासारखी उभी होती. रत्नदीप दर तीन दिवसांनी जायचा, चिमट्यानं एकेक फूल उचलायचा, पाकिटात घालायचा आणि पाकीट बंद करताना त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

मॅडमनी आकडे बघितले आणि चष्मा काढून ठेवला. "वीस ग्रॅम? माझ्या वेळी एका जाळीत खेपेला दोनशे ग्रॅम असायची. घट असेल, मान्य आहे, पण इतकी कशी असेल? तुझ्या जाळ्या चुकल्या आहेत रत्नदीप. पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावल्या. फुलं तेवढीच पडली. त्या दिवशी तो सातव्या झाडाखाली डबा न उघडता तसाच बसून राहिला. जवळच्या आदिवासी पाड्यावरची सखुबाई तिथून चालली होती. सत्तरीची, काटक बाई. तिचं घर पाड्यात पहिलंच, आणि ही बारा झाडं तिच्या रोजच्या वाटेवरची. पहाटे येऊन झाडाखालची फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, आणि वर्षभर भाकरीत, भाजीत, दुखण्याखुपण्यात वापरायची, हे तिचं लग्न होऊन आल्यापासून चालू होतं. "काय झाला पोरा?" असं तिनं विचारलं, आणि दमलेल्या माणसाला कुणी असं विचारलं की तो नको तेवढं सांगतो. रत्नदीपनं गवताचं सांगितलं, डंपरचं सांगितलं, वर्ष गेल्याचं सांगितलं. "आता फुलं नाही पडली ना मावशी, तर हे पण वर्ष गेलं," असं म्हणून तो उठला.

पुढच्या खेपेला जाळ्या भरल्या होत्या.

अगदी ओसंडून नाही, पण मन भरेल एवढ्या. ऐंशी ग्रॅम, पंच्याऐंशी ग्रॅम. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेवढ्याच. रत्नदीपनं कारण शोधलं नाही; इतक्या दिवसांनी काहीतरी मनासारखं होत होतं आणि त्याची उलटतपासणी करायची त्याच्यात ताकद नव्हती. मॅडम तर हरखूनच गेल्या. दोनशेचे ऐंशी म्हणजे साठ टक्के घट. काळजी वाटावी इतकी मोठी आणि विश्वास बसावा इतकी बेताची. त्यांनी त्याच दिवशी एका परिषदेला गोषवारा पाठवून दिला, खाली स्वतःचं आणि रत्नदीपचं नाव घालून.

जंगलातलं हे सुख घरी मात्र जड जाऊ लागलं. आधी पाकिटं एका ताटात मावत होती, आता हॉल पुरेना. फुलं पलंगाखाली गेली, कपाटावर गेली, आईच्या शिलाई मशीनवर गेली. वास जिन्यातून गच्चीवर आणि गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेला. धनेश एक दिवसाआड "काय म्हनतंय?" असं विचारून जाऊ लागला. एकदा तर त्यानं रिकामी बाटलीच आणून दाराशी ठेवली, आणि ती नेमकी समितीच्या अध्यक्षांनी पाहिली.

दहा एप्रिलला रत्नदीप सागाखालच्या जाळीकडे सवयीनं नजर टाकून पुढं निघाला आणि चार पावलं जाऊन मागे आला. जाळीत मोहाची फुलं होती. इतर जाळ्यांत होती तेवढीच.

त्यानं वर बघितलं. साग होता. साग नसल्याची कुठलीही शक्यता नव्हती. सर्वांत जवळचा मोह चाळीस पावलांवर होता, आणि त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

मॅडमना फोन केला तर त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. वटवाघळं. मोठी वटवाघळं मोहाची फुलं तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात. तापमान वाढल्यामुळे त्यांच्या सवयी बदलल्या असणार. हा तर स्वतंत्र विषय झाला. "तू एक रात्र तिथं थांबशील का?" असं त्यांनी विचारलं. बिबट्यांच्या जंगलात रात्र काढायला त्याच्याकडचा कागद चालणार नव्हता, म्हणून घासाघीस होऊन पहाटेवर ठरलं.

तेरा तारखेला पहिली गाडी पकडून रत्नदीप उजाडता उजाडता पोचला आणि एका मोठ्या दगडाआड वटवाघळांची वाट बघत बसला. वटवाघळं आली नाहीत, सखुबाई आली. कमरेवर टोपली होती. ती आधी झाडाखालची फुलं वेचायची, मग जाळीपाशी जायची आणि टोपलीतली एक ओंजळ जाळीत सोडायची. टाकायची नाही; लहान मुलाच्या ताटात वाढावं तशी हलकेच सोडायची. दुसरी जाळी, दुसरी ओंजळ. असं करत ती सागापाशी आली, क्षणभर थबकली, आणि तिथंही ओंजळ रिकामी केली.

"मावशी," रत्नदीप दगडाआडून उठत म्हणाला, "हे काय करतेस?"

सखुबाई दचकली नाही. "तुझी जाली भरतेय. तूच बोललास ना, फुला नाय पडली तर वरीस फुकट जाईल. एवढ्या लांबून येतोस. रिकामी जाली बघून तुझा तोंड कसा व्हता, मी पायला ना."

"पण या झाडाखाली का? हा साग आहे."

"लय दिस रिकामी बगितली तिला. त्या एका जालीनं काय पाप केलाय?"

रत्नदीपला रागवायचं होतं, पण राग कुठून आणायचा ते त्याला कळेना. त्याची नजर तिच्या टोपलीत गेली. पहाटेपासून वेचून, पंचवीस ओंजळी वाटून, टोपलीचा तळ दिसत होता. गेले कित्येक दिवस या बाईच्या घरात जाणारी फुलं तो चिमट्यानं उचलत होता, पाकिटात घालत होता आणि आंबिवलीला नेऊन पंख्याखाली पसरत होता. त्याला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली, की हे कुणालाही माहीत नाही. सखुबाई कुणाला सांगायला जाणार नाही. मॅडम खूश आहेत. सागाखालची ती एक नोंद वहीत चढवली नाही, की प्रबंध तयारच आहे. सतरा दिवसांत बांधून द्यायचा आणि मोकळं व्हायचं. तो काही चोरी करत नव्हता. फक्त एक गोष्ट न सांगता राहणार होता, आणि तो इतका थकला होता की न सांगणं त्याला विश्रांतीसारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जयंती होती. वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या, संध्याकाळच्या सभेत सीतारामांचं व्यसनमुक्तीवर भाषण होतं. त्यांचा पांढरा सदरा कडक इस्त्री करून गेले आठ दिवस हॉलमधल्या खुंटीला टांगलेला होता, आणि खुंटीखाली काय होतं ते सांगायला नको. सीताराम माईकसमोर उभे राहिले, दारूनं घरं कशी बुडतात हे त्यांनी पोटतिडिकीनं सांगायला सुरुवात केली, आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्यांच्या सदऱ्याचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला. अध्यक्षांनी आपली खुर्ची हळूच थोडी बाजूला घेतली. पहिल्या रांगेत बसलेला, सीतारामांनी सोडवलेला अकरावा माणूस डोळे मिटून खोल श्वास घेऊ लागला. सीतारामांना ते दिसलं, समजलं, आणि तरी त्यांनी भाषण शेवटपर्यंत नेलं.

घरी आल्यावर सदरा काढून ते बनियनवर खुर्चीत बसले. रागवले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "अजून किती दिवस, रत्ना?"

आणि मग रत्नदीपला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. फुलं झाडाची नाहीत, एका बाईनं कीव येऊन घातलेली आहेत, आणि हे सांगितलं तर आपलं नाव कटेल.

सीतारामांनी जमिनीवरच्या फुलांकडे बघितलं. "म्हणजे इतके दिवस त्या बाईच्या घरचं खाणं आपल्या पलंगाखाली होतं," ते म्हणाले. "आधी ते परत देऊन ये. तुझ्या नावाचं नंतर बघू." एवढं बोलून ते झोपायला गेले, आणि रत्नदीप आणि त्याची आई फुलं पिशव्यांत भरायला बसली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यानं मॅडमना सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी परिषदेला गेलेला गोषवारा काढून वाचला, मिटला आणि कपाळ दाबून धरलं. नंतर त्या जे बोलल्या त्याचा अर्थ असा, की सगळे आकडे फेकून द्यावे लागतील, हाती उरतील ते मार्चच्या पंधरवड्याचे, आणि पंधरा दिवसांच्या आकड्यांवर एम.एस्सी. मिळत नाही. क्षेत्रकाम करताना स्थानिकांशी किती बोलावं याची एक शिस्त असते, ती त्यानं पाळली नाही, हेही त्यांनी थकलेल्या आवाजात सुनावलं. "माझ्या वेळी असं एकदाही झालं नाही," त्या म्हणाल्या. तरीही एकदा स्वतः खात्री करून घ्यावी म्हणून त्या त्याच्याबरोबर निघाल्या.

सखुबाई अंगणात बसली होती. रत्नदीपनं चार पिशव्या तिच्यासमोर ठेवल्या आणि मान खाली घातली. तिनं एका पिशवीत हात घालून बघितलं, "चांगली वालवलीस रं," अशी पावती दिली आणि मग तिची नजर मॅडमवर गेली आणि तिथंच राहिली.

"तू योगिनी ना गं? लगीन झाला काय तुझा?"

मॅडम चाळिशी ओलांडलेल्या होत्या आणि कॉलेजात त्यांना एकेरी हाक मारणारा माणूस उरला नव्हता. "झालं मावशी," त्या पुटपुटल्या.

"तवा तुझी जाली निली व्हती. सातव्या झाडाखाली रडत बसायचीस, घरी जायचा म्हनून."

"मला आठवतं."

"मग जाली भरली तवा कुठं हसलीस."

रत्नदीपनं मॅडमकडे बघायचं धाडस केलं नाही. मॅडमनी विचारलं, "मावशी, माझ्या जाळ्यांत पण तूच घातलीस?"

"मग कोन? एकटी पोर, आईबापाशिवाय जंगलात." सखुबाईनं पिशवी जवळ ओढली. "पन तवा टोपली वतायची गं. भरभरून वतायची. फुलाच तेवढी व्हती. आता एकेक वंजल घालताना घरात काय उरंल ते बघायला लागतं."

योगिनी मॅडम सारवलेल्या जमिनीवर हळूच खाली बसल्या. दोनशे ग्रॅम. सोळा वर्षं हा आकडा किती जणांनी आपापल्या लेखांत घेतला होता, त्याच्यावर आलेख काढले होते, त्यांच्या दारावरच्या पाटीतलं 'डॉ.' त्याच्यावर उभं होतं. तो आकडा मोहाच्या झाडाचा नव्हताच, तो सखुबाईच्या हाताचा होता. आणि रत्नदीपला, मॅडमची भीती वाटत असतानाही, एक गोष्ट लख्ख दिसली. साठ टक्के घट खोटी होती. पण टोपलीची ओंजळ झाली होती, आणि ती सखुबाई कंजूस झाली म्हणून झाली नव्हती.

हे मॅडमनाही दिसलं असावं. कारण त्यांनी डोळे पुसले, पदर सावरला आणि म्हणाल्या, "रत्नदीप, वही काढ."

पुढचे अकरा दिवस दोघं त्या अंगणात बसले. सखुबाईला साल सांगता येत नव्हतं, पण मोठ्या पुराच्या साली अंगणात किती टोपल्या फुलं वाळली, थोरला नातू झाला त्या साली किती, नवरा गेला त्या साली वेचायला उशीर होऊनही किती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फुलं पहिल्यांदा कधी पडली हे ती होळीच्या आधी की नंतर, आणि किती दिवस, असं सांगायची. पाड्यातल्या आणखी चौघींनी तेच आपापल्या अंगणांवरून सांगितलं आणि टोपल्यांचा मेळ बसला. मोहाच्या फुलांची तीस वर्षं निघाली, खाली खाली येत गेलेली. लिहिताना रत्नदीपला आनंद व्हायला हवा होता, पण ओळीमागून ओळ उतरणाऱ्या त्या टोपल्या बघून त्याला फार वाईट वाटत राहिलं.

तीस तारखेला दुपारी प्रबंध दाखल झाला. संदर्भांच्या यादीत मॅडमचा स्वतःचा प्रबंध नव्हता. तो त्यांनी आपल्या हातानं खोडला होता.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाहेरून आलेले, आपल्या विषयात मोठं नाव असलेले गृहस्थ होते आणि प्रबंध त्यांना मुळीच आवडलेला नव्हता. टोपली हे माप कुठल्या शास्त्रात बसतं, म्हाताऱ्या बाईच्या आठवणीला पुरावा कसं म्हणायचं, असे प्रश्न ते एकामागून एक विचारत होते, आणि रत्नदीपची उत्तरं हळूहळू बारीक होत चालली होती. त्याला बाहेरच्या बाकावर बसलेले पप्पा दिसत होते. इस्त्रीचा नवा सदरा घालून आले होते.

"याच झाडांवर तुमच्या मार्गदर्शकांचं इतकं नावाजलेलं काम आहे," परीक्षक म्हणाले. "जाळ्या लावून, मोजून केलेलं. ते सोडून तुम्ही या बाईंना का धरलंत?"

रत्नदीपनं मॅडमकडे बघितलं. मॅडमच उत्तर द्यायला उभ्या राहिल्या. "कारण माझ्या जाळ्या त्यांनीच भरलेल्या होत्या, सर," त्या म्हणाल्या. "मी रडत होते म्हणून. तो आकडा मी मागे घेतेय, तसं पत्र पाठवलंय."

परीक्षकांनी प्रबंधाचं पान उलटायला घेतलेलं बोट तसंच ठेवलं. "हा पाडा कुठला म्हणालात?"

रत्नदीपनं सांगितलं.

"रस्ता संपतो तिथून उजवीकडे? पहिलंच घर?"

"हो सर."

परीक्षकांनी पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा प्यायले आणि खाली ठेवला.

"मी तिथं जांभळावर काम केलं होतं," ते म्हणाले. "फळगळ. पंचवीस वर्षं झाली. मलाही वर्ष वाया जाण्याची फार भीती होती." त्यांनी पानावरचं बोट उचललं. "फळं भरपूर पडायची हो."

मग त्यांनी प्रबंध पहिल्या पानावर आणला, खिशातून पेन काढलं आणि आणखी एकही प्रश्न न विचारता सही केली.